लाल दिवा लागतो, पडदा मात्र करडा: माळ्यावरून निघालेल्या टीव्ही गेमचं काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नौपाड्यातली जुनी इमारत पुनर्विकासाला गेली आणि माळा रिकामा करताना नव्वदच्या दशकातला टीव्ही गेम सापडला. सोबत दोन रिमोट, एक गन आणि पिशवीभर कॅसेट. ऐरोलीच्या नव्या घरात एलईडी टीव्हीला जोडला तर लाल दिवा लागतो, पण पडदा नुसता करडा. यूट्यूब बघून कॅसेटचा स्लॉट बाहेरून मागवायच्या बेतात आहात. दहा वर्षांच्या मुलाला खेळायचंय आणि तुम्हालाही अशी जुनी मशीन जमवावीशी वाटू लागली आहेत.

स्लॉट मागवू नका. तुम्ही बघताय त्या व्हिडिओंमधलं मशीन वेगळं आणि तुमच्या हातातलं वेगळं, सगळा घोळ तिथेच आहे. अमेरिकेत १९८५ साली जो निन्टेन्डो आला त्यात कॅसेट समोरून आत सरकवून खाली दाबायची असते. तिला पाय, म्हणजे संपर्काच्या धातूच्या पट्ट्या, ७२. दाबण्याचा तो स्लॉट वापरून वापरून सैल पडतो, म्हणून तिकडची मंडळी तो बदलतात. त्यात एक कुलूप-चिपही असते. कॅसेटमधली जोडीदार चिप तिला सापडली नाही, तर ती मशीन पुन्हा पुन्हा रीसेट करत राहते, म्हणून तिकडच्या व्हिडिओत दिवा लुकलुकताना दिसतो. 'चिपचा चौथा पाय कापा' हा सल्ला त्या कुलपावरचा आहे. तुमच्याकडे आहे ती जपानी फॅमिकॉमची, म्हणजे निन्टेन्डोच्याच जपानमधल्या मशीनची, नक्कल. फॅमिकॉम १९८३ सालचा, कॅसेट वरून उभी खोचायची, पाय ६०, आणि कुलूप नाहीच. तुमचा दिवा लुकलुकत नाही त्याचं कारण एवढंच. ७२ पायांचा स्लॉट आणलात तर तो तुमच्या बोर्डावर बसणारसुद्धा नाही.

हा फरक नुसता पायांचा नाही. आपण लहानपणी काय खेळलो हेसुद्धा त्यावरून ठरलं. रणगाड्यांचा गेम, म्हणजे बॅटल सिटी, आपल्याकडे पोराटोरांना तोंडपाठ. अमेरिकेतल्या निन्टेन्डोवर तो कधी आलाच नाही, तो १९८५ साली जपानी फॅमिकॉमवर निघाला होता. सर्कसवाला गेमही फॅमिकॉमवर तसाच जपानपुरता. म्हणून परदेशी संग्राहकांच्या 'हे तर हवंच' छापाच्या याद्या बघून खरेदी करू नका. त्या त्यांच्या बालपणाच्या याद्या आहेत.

आता दुरुस्ती. मी टीव्ही दुरुस्तीतून इकडे आलो, त्यामुळे माझी सवय आहे ती सांगतो: आधी वीज, मग संपर्क, मग टीव्ही आणि चिपवर संशय सगळ्यांत शेवटी.

माळ्यावरून निघालेला ॲडॉप्टर त्याच मशीनचा असेल असं धरून चालू नका. त्या काळी घरात टेपरेकॉर्डरचा, कॉर्डलेस फोनचा, कॅसिओचा असे चार ॲडॉप्टर असायचे आणि पिन दिसायला सगळ्यांची सारखी. मल्टिमीटर घ्या, साधा चालेल. फॅमिकॉमच्या पिनला आत निगेटिव्ह आणि बाहेर पॉझिटिव्ह असतं, आणि बरेच क्लोन, म्हणजे तुमच्यासारख्या नकला, तेच पाळतात. आज बाजारात राउटरचे आणि सीसीटीव्हीचे जे ॲडॉप्टर सर्रास मिळतात ते बरोबर उलटे, आत पॉझिटिव्ह. मशीनच्या तळाला दोन गोल आणि अधिक-उणे असं चिन्ह असेल तर ते प्रमाण माना. चिन्ह नसेल तर उघडून बघा की जॅकचा कुठला पाय बोर्डाच्या ग्राउंडला, म्हणजे निगेटिव्हला, गेलाय. जुना लोखंडी ट्रान्सफॉर्मरवाला ९ व्होल्टचा ॲडॉप्टर मोकळा मोजलात तर मीटर १२-१३ दाखवेल. त्यात बिघाड काही नाही, लोड आला की आकडा खाली येतो. अमेरिकेच्या भावाने हौसेने मूळ निन्टेन्डोचा ॲडॉप्टर पाठवला तर तो मात्र लांब ठेवा. तो मुळात १२० व्होल्टवर चालणारा आणि वर बाहेर देतो तेही ९ व्होल्ट एसी, डीसी नव्हे. आपल्या क्लोनमध्ये ते पचवायची सोय सहसा नसते.

लाल दिव्यावर जाऊ नका. लाल एलईडीला पेटायला दोन-एक व्होल्ट पुरतात, प्रोसेसरला पाच लागतात. तळाचे स्क्रू काढलेत की पत्र्याच्या तुकड्याला टेकवलेला तीन पायांचा काळा भाग दिसेल, त्यावर ७८०५ लिहिलेलं असतं. आलेली वीज पाच व्होल्टवर आणून देणारा तो हा रेग्युलेटर. छापील अक्षरं तुमच्याकडे तोंड करून धरलीत तर डावा पाय आत येणाऱ्या विजेचा, मधला ग्राउंड, उजवा बाहेर जाणाऱ्या पाच व्होल्टचा. मीटरची काळी तार मधल्या पायाला, लाल तार उजव्याला. ४.८ ते ५.२ मध्ये आकडा आला तर उत्तम. साडेतीन-चार दिसला तर डावा पाय मोजा. तिथे सातपेक्षा कमी असेल तर दोष ॲडॉप्टरचा, कारण ७८०५ ला स्वतःसाठी दोन-एक व्होल्ट वर लागतात. डावीकडे नऊ आणि उजवीकडे तीन असेल, तर एक तर ७८०५ गेला किंवा पुढे कुठे शॉर्ट आहे. हा भाग आणि शेजारचा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दोन्ही किरकोळीत मिळतात. कपॅसिटर १६ व्होल्टचा असेल तर त्या जागी २५ चा टाकून मोकळे व्हा. एक सावधगिरी: काही शेवटच्या-शेवटच्या स्वस्त क्लोनमध्ये ७८०५ नसतोच, ते थेट पाच किंवा सहा व्होल्टवर चालतात. त्यांना नऊचा ॲडॉप्टर लावला की खेळ तिथेच आटोपला.

वीज ठीक निघाली तर नव्वदच्या दशकातल्या मशीनचा रोग बहुतेक वेळा संपर्काचा असतो, विशेषतः आपल्याकडे. ठाणे काय नि नवी मुंबई काय, खाडी उशाशी आणि चार महिने पाऊस. पितळेवर काळपट थर चढायला वेळ लागत नाही. आधी एक सोपी परीक्षा: कॅसेट काढून मशीन चालू करा. काही क्लोनमध्ये आतच गेम भरलेले असतात. मेनू आला तर मशीन ठणठणीत, दोष स्लॉटचा किंवा कॅसेटचा. मेनू नसलेल्या मशीनवर कॅसेटशिवाय करडा पडदाच दिसणार, त्यावरून काही सिद्ध होत नाही.

कॅसेट फुंकू नका. मला माहीत आहे, आपण सगळ्यांनी फुंकल्या आहेत आणि फुंकल्यावर चालल्याही आहेत. पण चालायची ती कॅसेट काढून पुन्हा खोचल्यामुळे, घासून संपर्क झाल्यामुळे. फुंकरीतली ओल मात्र पट्ट्यांवर राहते आणि गंज वाढवते. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे आयपीए मिळतं, आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं घ्या. ठाण्यात गावदेवीच्या बाजूच्या मोबाइलवाल्यांकडे विचारलंत तरी काम होईल. सॅनिटायझर नको, त्यात चिकट पदार्थ असतात. थिनर तर मुळीच नको, प्लास्टिक खातं. कापसाच्या काडीने पट्ट्या पुसा, काडी पांढरी निघेपर्यंत. काळा डाग हटतच नसेल तर पांढरा खोडरबर हलक्या हाताने, एकदाच. रोजची सवय केलीत तर मुलामा निघून खालचं तांबं उघडं पडेल, आणि मग दर पावसाळ्यात तोच त्रास.

स्लॉट साफ करायचा तर जुनं एटीएम कार्ड घ्या. त्यावर जुन्या मलमलच्या धोतराचं किंवा बनियनचं पातळ कापड एकपदरी गुंडाळा. कार्ड आणि दोन्ही बाजूंचं कापड मिळून जाडी साधारण कॅसेटच्या पट्टीएवढी होते. जाड टॉवेल घेतलात तर पितळी पाय फाकतील आणि मग कायमचे सैल. कापडावर आयपीएचे थेंब टाकून कार्ड सरळ खाली, सरळ वर, डावी-उजवीकडे हलवायचं नाही. काळी रेघ उमटलेली दिसेल. कापडाची जागा बदलून पुन्हा. रेघा फिकट झाल्या की टॉर्च मारून आत बघा. प्रत्येक बाजूला तीस पाय, सगळे एका ओळीत पुढे आलेले दिसले पाहिजेत. एखादा मागे दबलेला असेल तर मशीन बंद ठेवून, गोधडी शिवायच्या सुईने अलगद पुढे ओढा. सगळं वाळेपर्यंत वीज लावायची नाही.

एवढं झाल्यावर पडदा काय दाखवतो त्यावरून पुढचं निदान होतं. या साठ पायांत प्रोसेसरचे पाय एका अर्ध्या भागात आणि चित्राचे दुसऱ्या अर्ध्या भागात असतात. संगीत वाजतंय, रिमोटला प्रतिसाद मिळतोय, पण मारिओच्या जागी ठोकळ्यांची खिचडी दिसतेय, तर चित्राच्या बाजूचा एखादा पाय लागत नाही. पडदा करडा आणि आवाजही नाही, म्हणजे प्रोसेसरची बाजू. कॅसेट एका टोकाला जरा उचलून पाहा, फरक पडला तर खात्रीच. आणखी एक गंमत आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. फॅमिकॉममध्ये आवाज एका पायाने कॅसेटमध्ये जातो आणि शेजारच्या पायाने परत येऊन टीव्हीकडे जातो. जपानी कंपन्यांना कॅसेटमध्ये स्वतःची आवाजाची चिप घालता यावी म्हणून ती वाट ठेवली होती. जुन्या, नीट नक्कल केलेल्या क्लोनमध्येही ती असते. तेव्हा चित्र सुरेख आणि आवाज गायब असेल, तर स्पीकर नि वायरी तपासण्याआधी स्लॉटचे मधले पाय पुसा.

इतकं करूनही करडाच राहिला तर उघडलेल्या बोर्डाकडे बघा. दोन लांब, चाळीस पायांच्या चिपा दिसल्या तर नशीब समजा. त्यांवर यूए ६५२७ आणि यूए ६५३८ असे आकडे असतील तर त्या तैवानच्या यूएमसी कंपनीच्या, एक प्रोसेसरची नक्कल आणि दुसरी चित्राची. शेजारी दोन-दोन किलोबाइटच्या दोन मेमरी चिपा असतात, एक प्रोसेसरची, दुसरी चित्राची. अशा बोर्डावर मेमरी चिप गेली तर बदलता येते. ते काम सोल्डरिंगचा हात बसलेल्या माणसाचं, शिकाऊने आधी भंगारातल्या बोर्डावर सराव करावा. त्याऐवजी बोर्डावर काळ्या डांबराचा थेंब पडल्यासारखा गोळा दिसला तर सगळं मशीन त्या एका गोळ्याखाली आहे. आतली केसाएवढी तार तुटली तर ती सांधता येत नाही. तिथे वेळ घालवू नका, बॉडी, स्लॉट आणि जॅक सुट्या भागांसाठी ठेवा. कॅसेटमध्येही हाच गोळा असतो, तोच नियम.

आता टीव्ही. तुम्हाला करडा पडदा दिसतोय म्हणजे सिग्नल पोचतोय, ही चांगली बातमी. इतरांसाठी सांगतो: नव्या टीव्हीला पिवळ्या-पांढऱ्या पिनांची भोकं नसली तरी अनेकदा ३.५ मिलिमीटरचं एव्हीचं एकच भोक असतं, त्याची वेगळी केबल लागते. आणि ती टीव्हीच्या कंपनीप्रमाणे बघून घ्या, आतली जोडणी सगळ्यांची सारखी नसते. एव्ही टू एचडीएमआयचा स्वस्त डबा चालतो, पण हे मशीन चित्राच्या २४० ओळीच पाठवतं आणि तो डबा त्यांना ४८० ओळींचं अर्धं चित्र समजून सांधायला बसतो. त्यात उशीर होतो. बटण दाबलं आणि मारिओने उडी मारेपर्यंत खड्ड्यात गेला, हे त्यामुळे. टीव्हीत गेम मोड असेल तर चालू करा, बराच फरक पडतो. यासाठीच बनवलेले चांगले कन्व्हर्टर आहेत, रेट्रोटिंक नाव ऐकलं असेल. पण एका क्लोनसाठी ते घेणं म्हणजे म्हशीपेक्षा रेडकू महाग.

गन चालणार नाही. टीव्ही खराब म्हणून नव्हे, एलईडी आहे म्हणून. ट्रिगर ओढल्यावर गेम क्षणभर पडदा काळा करतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. गनच्या नळीत प्रकाश ओळखणारा भाग असतो. आधी काळोख आणि मग ठरलेल्या क्षणी उजेड दिसला तरच नेम लागला असं धरतात. आधीचा काळोख तपासायचा तो अशासाठी, की पोरांनी बल्बवर गन रोखून बदकं पाडू नयेत. पिक्चर ट्यूबवर चौकोन त्या क्षणाला उमटतो. एलईडी टीव्ही चित्रावर प्रक्रिया करून मग दाखवतो, तोवर गनची वेळ टळलेली असते. शिवाय अस्सल गन ट्यूबवरून फिरणाऱ्या किरणाची चाल ओळखते, ती एलईडीत नसतेच. बदकं मारायचीच असतील तर ट्यूबचा टीव्ही आणा. शिळफाट्याकडच्या भंगाराच्या गोदामांत विचारून बघा, लहान चौदा इंची असला तर घरातही मावतो. पण त्याची पाठ स्वतः उघडू नका. पिक्चर ट्यूबवर वीस-पंचवीस हजार व्होल्टचा भार असतो आणि प्लग काढल्यावरही तो राहू शकतो. टीव्हीवाल्याकडेच द्या.

रिमोटचं मी थोडक्यात आटोपतो, कारण ते सोपं आहे. सगळी बटणं मेली असतील तर वायर तुटलीय, बहुधा रिमोटमधून बाहेर पडते त्या मानेपाशी. आत पाच तारा असतात, रंगांवर भरवसा नको, मीटरने एकेक तपासा. तुटक्या जागेच्या पुढे कापून पुन्हा सोल्डर करा. एखादंच बटण दगा देत असेल तर उघडून रबराखालचा काळा ठिपका आणि बोर्डावरची जागा आयपीएने पुसा. ठिपका झिजून गेला असेल तर त्यावर ६बी पेन्सिल गडद घासा, काही महिने निभतं. रिमोट बदलायची वेळ आलीच तर पिनचा आकार सारखा दिसला म्हणून दुसऱ्या मशीनचा खोचू नका, नऊ पिनांचा जॅक सगळ्यांचा सारखाच, आतली जोडणी मात्र ज्याची त्याची.

सुट्या भागांसाठी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराला पर्याय नाही. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, ऐरोलीहूनही आधी ठाणेच गाठावं लागेल. यादी करून जा. ७८०५, कपॅसिटर, १एन४००७ डायोड, डीसी जॅक, नऊ पिनांचे कनेक्टर. एकेका वस्तूसाठी गेलात तर वस्तूपेक्षा लोकलचं भाडं जास्त. १एन४००७ मुद्दाम सांगतोय: जॅकच्या वाटेत हा एक डायोड टाकला की उद्या कुणी उलटा ॲडॉप्टर लावला तरी मशीन वाचतं.

जमवण्याबद्दल विचारलंत. माझं मत जरा कडक आहे. आपल्याकडच्या माणसाने आधी आपल्याकडचं जमवावं: मीडिया, समुराय अशा नावांची मशीन, सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्हसारख्या काळ्या बॉडीतले क्लोन, उभ्या छोट्या पडद्याचे ब्रिक गेम, एकात चौसष्ट गेम असलेल्या कॅसेट. भाव अजून माणसात आहेत आणि माल भंगारात जातोय. पुनर्विकासाने नौपाडा-पाचपाखाडीचे माळे रिकामे होताहेत, ही वेळ परत येणार नाही. खोका, थर्माकोल, मराठी-हिंदी जाहिरातीचा कागद असेल तर मशीनइतकाच जपा. बंद पडलेली मशीन घ्यायला हरकत नाही, वर सांगितलेल्या दोषांपैकीच काहीतरी निघतं. फक्त घेण्याआधी तळाचे स्क्रू काढून गोळा आहे की चाळीस पायांच्या चिपा, ते बघू द्या म्हणावं. विकणारा नाही म्हणाला तर गोळ्याचाच भाव द्या.

कॅसेटवरच्या '९९९९९९९ इन १' ला भुलू नका, हे सांगायला नको. पण त्यात ठरावीकच गेम का असतात त्याला कारण आहे. बॅटल सिटी २४ किलोबाइटमध्ये बसतो, मारिओ ४० मध्ये. काँट्राला १२८ लागतात आणि कॅसेटमध्ये वेगळी सर्किटही. म्हणून रोड फायटर, सर्कस, रणगाडे हीच गर्दी, आणि काँट्रा बहुधा वेगळ्या कॅसेटवर. काँट्राची सुटी, चालू कॅसेट दिसली तर घासाघीस फार करत बसू नका.

क्लोनचा आवाज मूळ मशीनपेक्षा वेगळा का लागतो, असं पुष्कळजण विचारतात. बऱ्याच क्लोनच्या चिपमध्ये आवाजाच्या लहरींचे दोन प्रकार अदलाबदल झालेले आहेत, त्यामुळे सूर तोच, पण पोत वेगळा. वर आपल्याकडची टीव्ही सिग्नलची पाल पद्धत ५० हर्ट्झची आणि जपानची ६० ची, म्हणून क्लोनवरचा खेळ साधारण सहाव्या हिश्श्याने संथ. मूळ फॅमिकॉमवर पहिल्यांदा खेळलात तर मारिओ अंगावर धावून आल्यासारखा वाटेल. मला विचाराल तर ही क्लोनची ओळख आहे, दुरुस्त करायची चूक नव्हे.

परदेशातून मूळ मशीन आणणार असाल तर मागचा स्टिकर वाचल्याशिवाय आपल्या सॉकेटला लावू नका. जपानी प्लेस्टेशन, सेगा सॅटर्न यांच्यात वीजपुरवठा आतच असतो आणि तो १०० व्होल्टचा. आपल्या २३० वर एका क्षणात धूर. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, वॅट मशीनपेक्षा जास्त. सेगा मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलला आत निगेटिव्ह, दुसऱ्याला आत पॉझिटिव्ह. एकाच कंपनीचं एकच मशीन, तरी हा प्रकार. निन्टेन्डोच्या हातात धरायच्या गेम बॉयच्या कॅसेट घेताना नकली ओळखायची असेल तर पट्ट्यांच्या वर बोर्डाची कड दिसते, अस्सलवर तिथे निन्टेन्डोचं नाव छापलेलं असतं. सेव्ह राहत नसेल तर आतला बटन सेल संपलाय. नवा घालताना जुन्यावरचा आकडा वाचा, आणि लक्षात ठेवा, जुना काढला की त्यातला सेव्ह गेला. सोल्डर थेट सेलवर करू नका, पत्री जोडलेला सेल मागा.

पीएस-टू, म्हणजे प्लेस्टेशन २, याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण जमवायला लागलात की तोच सगळ्यांत आधी तुमच्या दारात येईल, कारण घरोघरी होता. २००० साली जपानमध्ये निघाला आणि त्याचं उत्पादन थांबल्याचं जाहीर व्हायला २०१३ उजाडलं. 'डिस्क रीड एरर' म्हणजे लेन्स गेली असं समजून लगेच बदलू नका. आधी लेन्स आयपीएने पुसा, सरकण्याच्या दांड्यांवरचं वाळलेलं ग्रीस काढून नवं लावा. लेन्सच्या बाजूचा बारीक स्क्रू फिरवून 'पॉवर वाढवा' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, दोन महिने चालते आणि मग कायमची बसते. चिप मारलेला, म्हणजे कॉपी केलेल्या डिस्क चालाव्यात म्हणून आत जादा चिप बसवलेला, घेत असाल तर उघडून सोल्डरिंग बघा, गल्लीतल्या कामाचे दर्जे फार वेगवेगळे.

ठेवायची पद्धत. माळा नको, उन्हाळ्यात तिथे भट्टी होते आणि पावसात ओल. रद्दीच्या कागदात गुंडाळू नका, कागद ओल धरतो आणि वाळवीला आमंत्रण. झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पिशव्या, आणि रिमोट, ब्रिक गेम सगळ्यांतले सेल काढून. पावसाळ्यात महिन्यातून एकदा प्रत्येक मशीन अर्धा तास चालवा, आतली ऊब ओल घालवते. पिवळी पडलेली बॉडी पेरॉक्साइडने पांढरी करायचे व्हिडिओ आहेत. मी करत नाही. काही काळाने पिवळेपणा परत येतो आणि प्लास्टिक ठिसूळ व्हायची भीती राहते.

दहा वर्षांच्या मुलाला मारिओपासून सुरुवात करून देऊ नका, तो सतत मरेल आणि मोबाइलकडे जाईल. बॅटल सिटी लावा आणि दुसरा रिमोट तुम्ही धरा. दोघांनी मिळून गरुड वाचवायचा असतो, एकमेकांच्या गोळीने समोरच्याचा रणगाडा थोडा वेळ थिजतो, त्यावरून भांडणं होतील, होऊ द्या. मेनूत 'कन्स्ट्रक्शन' नावाचा तिसरा पर्याय आहे. त्यात विटा, पोलाद, पाणी, झाडी स्वतः मांडून आपला नकाशा बनवता येतो. तो सेव्ह होत नाही, मशीन बंद केलं की पुसला जातो, त्यामुळे चांगला जमला तर खेळायला लागण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.